थोडं भरू दे

मी काही लिहिणारा नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून मामांवर लिहायचं हे काम माझ्याकडे आलं. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. माझे मामा गेले, त्याला महिना होत आला. शेडमध्ये चारा टाकताना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत...

मामांनी कळसाडीला मांसासाठी ससे पाळले तेव्हा गाव हसलं होतं. "आप्पा, मांजरं इकी ऱ्हायना का?" मामा म्हणायचे, "पहिले खाई देख, मंग बोल."

त्यांची वजन करायची रीत वेगळी. मामी अंगणवाडीत मदतनीस. तिथं लेकरांना झोळीत घालून काट्याला लटकवतात, तशीच झोळी मामांनी तिच्या जुन्या लुगड्याची शिवून घेतली होती. ससा आत कान पाडून गुपचूप बसायचा. दोन किलो झाला की विकायचा, असं ठरलेलं. पण काटा तिथं आला की मामा झोळीखाली हात धरायचे आणि म्हणायचे, "आखो थोडं भरू दे." लेकरू अजून अंगानं भरायचंय, असं म्हणावं तसं. मी घाबरत सांगायचो, यापुढे ससा खातो जास्त नि वाढतो कमी, अंगावर चरबी चढते, खाद्याचा खर्चही निघत नाही. ते हसायचे, "तुन्हं कॉलेज सशासले बी शे का?"

अक्कलकुव्याचा ढाबेवाला हे आमचं एकच मोठं गिऱ्हाईक. त्यानं एक दिवस सुनावलं, "नुसती चरबी शे, आप्पा. आखो एक खेप देखसू, मंग बंद." ढाबा सुटला असता तर शेडही मोडावी लागली असती.

त्या खेपेला मी सुट्टीत कळसाडीलाच होतो. काटा दोनवर आला. मामांचा हात सवयीनं झोळीखाली गेला, थांबला... "ली जाय," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून पाण्याची भांडी धूत बसले. मग रोज विचारायचे, "ढाबावालाना फोन उना का?" तो आला नाही. आधी मामाच गेले.

परवा मी नि मामी सशांना घास टाकत होतो, तेव्हा मामांचा फोन वाजला. मामीनं उचलला. ती काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "आप्पा, मी गावले अडकी गयथू. माल एकदम बरोबर व्हता. जराबी चरबी नही. असाच धाडत ऱ्हाय."

मामीनं काट्याला लटकलेल्या रिकाम्या झोळीखाली हात धरला.

"हा भाऊ," ती म्हणाली, "सांगसू त्यासले."