सावळारामच्या पंपातलं पाणी

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी, रस्त्याला लागून एक जुना पेट्रोलपंप होता. मालक पुण्याला. पंप खऱ्या अर्थाने चालवला तो सावळारामनेच, एकतीस वर्षं. माणूस एकमार्गी आणि थोडा कटकट्या. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत तो लांब गजाला पेस्ट लावून जमिनीखालच्या टाकीत सोडायचा. टाकीत पाणी असलं तर पेस्ट लाल होते. ती लाल झालेली नाही हे तो आलेल्या प्रत्येकाला दाखवायचा, घाई असली तरी. मी चिडायचो. म्हणायचो, सावळाराम, पेट्रोल दे, प्रवचन नको.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. सावळारामची पोरगी प्रेरणा माझ्याच हाताखाली शिकली. त्यामुळे त्या घरात माझ्या शब्दाला भलताच मान.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळे आपापल्या गाड्या धरणाच्या पाण्यात उतरवून धुतात. मीही मोटरसायकल चाकं बुडेपर्यंत आत घातली आणि बादल्या ओतल्या. मग पंपावर जाऊन पेट्रोल भरलं, हार घातला आणि निघालो. फर्लांगभर गेलो नाही तोच गाडी बंद. पारावरची मंडळी हसली, आणि माझं डोकं फिरलं. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर तळाला दोन बोटं पाणी. धरण तेव्हा काठोकाठ, पाणी पंपाच्या भिंतीला टेकलेलं. मी बाटलीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला: पंपाच्या टाकीत धरणाचं पाणी शिरलंय, सावध राहा.

दुसऱ्या दिवशी गोरख मेकॅनिकने माझ्या गाडीच्या टाकीचं झाकण हातात घेऊन दाखवलं. आतलं रबर कधीच गेलेलं, आणि तोंडाशी धरणाचा गाळ. पाणी माझ्याच बादलीतलं होतं. मी गोरखला म्हणालो, कुणाला बोलू नकोस. एवढंच म्हणालो, आणि तेवढं पुरलं.

हायवेला नवा पंप झालाच होता. लोक तिकडे जायला कारणच शोधत होते, ते मी दिलं. सावळाराम गज घेऊन रस्त्यावर उभा राहायचा, पण बघायला कोणी थांबेना. वर्षभरात मालकाने पंप बंद केला. तो तसाही बंद पडला असता, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पडलाही असता. पण सावळारामच्या नावाला बट्टा लागून नव्हे.

परवा मी त्याच्या घरी गेलो. रिटायर झाल्यापासून हे एकच मनात घोळत होतं. ओसरीवर बसलो आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. तो शेंगा सोलत होता, सोलतच राहिला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पेट्रोल भरतानाच झाकणाला गाळ दिसला हुता. पुसून घ्या म्हनणार हुतो, पन तुमी घाईत हुता."

मी विचारलं, मग तेव्हाच चारचौघांत का नाही बोललास?

"तुमाला खोटं पाडून माझं कुनी ऐकलं असतं व्हय?" मग म्हणाला, "आता आलायसाच, तर एक करा. हे आमच्या मंडळींना सांगा."

त्याची बायको बाळाबाई चहा घेऊन बाहेर आली. मी तिच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"तुमी घसा कोरडा करून सांगत हुता, सकाळी गज घातला हुता म्हनून," ती नवऱ्याला म्हणाली. "आन् म्या चार वर्सं म्हनत आले, मास्तर कशाला खोटं बोलतील."

सावळारामने हातातली शेंग खाली ठेवली आणि पहिल्यांदा डोळे पुसले. मला तिथून उठायचं होतं, पण बाळाबाईने कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घ्या, निवतोय." मी तो घेतला.