उजेडकाका आणि मंद दिवे

आमच्या यांना गल्लीत सगळे उजेडकाका म्हणतात. एकोणतीस वर्षं झाली, शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे सांभाळतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, खांबांचे नंबर राहतात. माझी सख्खी बहीण म्हणजे यांच्या लेखी 'एकशे बारा नंबरसमोरची'. लग्नाची तारीख विचारा, छताकडे बघत बसतील. एकशे बाराची वायर कधी बदलली ते मात्र वारासकट सांगतील.

तर गेल्या वर्षी जुने पिवळे दिवे काढून नवे पांढरे बसवायचं काम निघालं. आमच्या भागाची जबाबदारी यांच्यावर. महिनाभर छाती फुगवून फिरले. मग कुरकुर सुरू झाली. "मंद आहेत गं हे दिवे. बघावं तिकडे नुसतं धुकं!" रोज ऑफिसात तक्रार. ऑफिस वैतागून जास्त वॅटचे दिवे पाठवायचं. हे ते चढवायचे, खाली उतरून मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मंदच!"

इकडे गल्लीची झोप उडाली. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला जिन्यात गाठलं. "वहिनी, मी हल्ली घरातला दिवा न लावताच पेपर तपासतो. खिडकीला घोंगडी टांगली तरी उजेड आत येतो. आवरा यजमानांना." समोरच्यांचा कोंबडा रात्री नऊला आरवायला लागला. मी हे सगळं यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "लोकांना कौतुकच नाही!"

आणि सकाळचं वर्तमानपत्र? दोन मिनिटांत खाली. "बातम्यांत दमच राहिला नाही." बरं!

दिवे नीट चालतात का ते बघायला भरदुपारी लावून बघावे लागतात. येणारेजाणारे ओरडतात, "दिवसा दिवे जाळता, लाज नाही का?" अशाच एका दुपारी मी डबा घेऊन गेले. हे शिडीवर. वर दिवा, आणि यांचा हात वीतभर शेजारी हवेत चाचपडतोय. उतरताना पायरी नव्हती तिथे पाय ठेवला, घसरले आणि एका हातावर लोंबकळले. खाली येऊन वर हसले, "शिडी हलली जरा."

"शिडी नाही, तुमचे डोळे हलले! चला दाखवायला."

"गप्प बस. ऑफिसात कळलं तर शिडी काढून घेतील. मग काय करू मी? टेबलावर बसून रेघोट्या मारू?" मला राग आला आणि कीवही आली. माणूस पडून जायबंदी झाला तर शिडी काय चाटायची आहे? दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तो शिडीवर चढला होता.

तीन दिवस मी जेवले नाही धड. चौथ्या दिवशी अर्ज लिहिला आणि यांच्या इंजिनिअर मॅडमच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. "काकू, बरं केलंत," म्हणाल्या.

संध्याकाळी हे लालबुंद होऊन आले. डोळे तपासून दाखला आणेपर्यंत शिडी बंद! मॅडमनी आदेश वाचून दाखवला होता. यांनी "चष्मा घरी राहिला" म्हणत सही ठोकली आणि कागद घेऊन आले. आता ऑफिसची रीत अशी, की ज्या अर्जावरून आदेश निघतो त्याची प्रत मागे टाचायची. म्हणजे माझं अक्षर, माझी सही, सगळं यांच्याच खिशात! पण वाचता येतंय कुणाला?

"हे त्या मास्तराचंच काम," हे म्हणाले आणि मास्तरांशी बोलणं बंद. बिचारे मला विचारायचे, "वहिनी, माझं काही चुकलं का?" मी मूग गिळून गप्प.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. मी घरभर तो कागद शोधला. खिसे, कपाट, गादीखाली, कुठेच नाही. देवा, यांना दिसू दे, पण एवढा कागद दिसू देऊ नकोस!

दुसरा डोळा बरा झाला त्या संध्याकाळी हे गॅलरीत उभे होते. दिवे लागले. "अरे बापरे!" म्हणत दोन्ही हात डोळ्यांवर. "कुठल्या गाढवानं लावलेत हे?"

"त्याच गाढवाला विचारा."

सकाळी दाखला घेऊन ऑफिसात गेले. शिडी परत मिळाली, कमी वॅटचे दिवेही मिळाले. आठवड्यात सगळे बदलले आणि गल्ली झोपली.

शेवटचा दिवा चढवून आले तेव्हा हातात तो कागद होता. हत्यारांच्या पिशवीत तळाशी सापडला म्हणे. खुर्चीवर बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'माझ्या यजमानांसारखा दिवे सांभाळणारा माणूस या शहरात दुसरा नाही. त्यांना कामावरून काढू नका, फक्त डोळे तपासून घ्या. ते पडले तर मी कुणाकडे बघू?'"

कागद गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "मास्तरांची माफी मागायला हवी." पुन्हा कागदाकडे बघितलं. "एकोणतीस वर्षांत तोंडानं कधी म्हणाली नाहीस. खरं लिहिलंयस, की अर्जापुरतं?"

"अर्जापुरतं," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.