गाडीला पाजलेलं तेल

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., आणि तीही फिजिक्स घेऊन. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्यामुळे धुळ्याच्या पेट्रोल पंपावरच्या पीयूसीवाल्याने माझी गाडी नापास केली, तेव्हा ते गाडीपेक्षा मलाच जास्त लागलं.

"धूर लई आहे सर. सर्टिफिकेट नाही निघणार."

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. दुसऱ्या दिवशी आरटीओत पुन्हा नोंदणीसाठी तपासणी होती, आणि पीयूसीशिवाय तिथे कोणी उभं करत नाही. नोंदणी झाली नाही तर गाडी भंगारात, हे बायकोने ठरवूनच टाकलं होतं. त्यामुळे त्या सकाळपासून आबा, म्हणजे माझे वडील, पुढच्या सीटवरून उतरायलाच तयार नव्हते.

मी शास्त्राने चाललो. प्लग बदलले. पेट्रोलमध्ये टाकायची महागडी बाटली आणली. इंजिन चांगलं तापलं की धूर कमी होतो, म्हणून हायवेने सोनगीरपर्यंत जाऊन आलो. पुन्हा पंपावर.

"सर, आता तर जास्तच आलं."

शेवटी गॅरेज गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी स्टूल पुढे केल्यावर आबा एकदाचे उतरले. मी बॉनेटपाशी उभा राहून चाचांना अपूर्ण ज्वलन समजावलं, ऑक्सिजनचं प्रमाण समजावलं. सेन्सरवर आलो तेव्हा चाचा म्हणाले, "साहब, तुमचं चालू द्या. मी तोवर झाकण खोलतो."

त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत दोन बोटं तेल, आणि कागदाचा फिल्टर त्यात भिजून चिंब.

"या अल्ला! हे कोणत्या येड्याचं काम?"

स्टुलावरून आबांनी हात वर केला. "मन्हं."

चाचा झाकण हातात धरूनच त्यांच्याकडे वळले.

"डबडं कोल्लं ठाक दिखनं," आबा म्हणाले. कोल्लं म्हणजे कोरडं. "ट्रॅक्टरले टाकतस ना तेल, तसं इले बी टाकं. आठ दिन व्हयनात. माले कोनी इचारंच नही."

आता यात आबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला खाली तेलाची वाटी असते, धूळ त्यात अडकते. ती कोरडी ठेवली तर इंजिन जातं. आबांनी जन्मभर ती वाटी कोरडी पडू दिली नाही. गाडी भंगारात जाणार म्हटल्यावर त्यांनी त्यांना येत होता तो उपाय केला.

चाचांनी हात पुसले. आवाज एकदम मऊ केला. "आबा, ट्रॅक्टरला एकदम बरोबर आहे तुमचं. फक्त हिच्यात कागद असतो, बिचारीला श्वास घेता येईना." मग माझ्याकडे वळले. "पण साहब, चार क्लिपा काढल्या की झाकण उघडतं. कॉलेजात क्लिपा नव्हत्या का?"

सगळ्यात मोठ्याने आबा हसले.

डबा धुतला, नवा फिल्टर बसवला, आत ओढलं गेलेलं तेल जळेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. तिसऱ्यांदा पंपावर गेलो तेव्हा पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. मी दुसरीकडे बघत राहिलो. प्रिंटर घरघरला.

"पास."

कागद आधी आबांनी घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला. "कितला टक्का पडनात?"

"पॉइंट दोन."

त्यांचा चेहरा उतरला. "इतलासामा पास?"

"धुराचं जितकं कमी, तितकं चांगलं, आबा."

त्यांनी जरा विचार केला. "मंग दहावीले तू माले हाई का बरं नही सांगं?"

दहावीला गणितात मला अडतीस होते. पीयूसीवाल्याने किती ते विचारून घेतलंच, आणि आबांनी लगेच सांगितलं.