लाल डब्यांचे मामू

मामूंना कुठेही बोलवा, ते आधी माणसांकडे नाही, भिंतींकडे बघायचे आणि मग घरच्या धन्याला विचारायचे, "इथं आग लागली तर पळायचं कुठून?" राम राम, सलाम, चहापाणी, सगळं त्यानंतर. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला अर्धापूरला गेले, तिथेही होणाऱ्या व्याह्यांना पहिला प्रश्न हाच. व्याही केळीचे व्यापारी, स्वभावाने तापट. "चांगलं बोला की! आग आमच्या दुश्मनाच्या घराला लागो," म्हणत ते उठून उभेच राहिले. मामींनी कसंबसं सावरून घेतलं. लग्न ठरलं, झालंही. पण त्याआधी त्या घराला मागच्या बाजूने एक नवं दार पडलं, हे मामू छाती फुगवून सांगायचे.

मामू नांदेडचे. धंदा विजेच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करण्याचा, आणि नाद आगीच्या घंटांचा. पूर्वी गिरण्यांत, कापसाच्या जिनिंगमध्ये, तेलाच्या कारखान्यांत भिंतीवर एक लोखंडी लाल डबा असे. आग दिसली की त्याची दांडी खाली ओढायची. घंटा घणघणली की सगळं आवार मोकळं. गिरण्या बंद पडल्या आणि हे डबे भंगारात गेले. मामू ते हुडकत हिंडायचे. मुरुड म्हणू नका, रेणापूर म्हणू नका, जिथे जुनं धुराडं दिसेल तिथे एसटीतून उतरायचे. त्यांच्या नांदेडच्या बैठकीत असे चौदा डबे ओळीने टांगलेले होते आणि चौदाही वाजत. "बंद घंटी म्हणजे झूठा गवाह," असं ते म्हणत. मामींचं म्हणणं वेगळं होतं. "घरात खिडकी एक, आन् खतरे चौदा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

मोटारींच्या कामाला ते दर पंधरवड्याला लातुरात येत; तिथे मात्र या नादाने त्यांची फार पंचाईत झाली. तेव्हा लातूर क्लासेसनी फुगत चाललं होतं. गल्लोगल्ली मुलं, खोल्या आणि मेस. अशा गावात 'डबेवाले मामू' म्हटल्यावर आणखी काय होणार? पालक त्यांना रस्त्यात अडवून विचारायचे, "दोन टाइमचा देता का? पोळ्या किती?" मामू शांतपणे सांगायचे, "माझा डबा वापरायची पाळी न येवो, हीच दुआ करा." पालक घाबरून दुसरी मेस शोधायला जायचे.

मी त्या वेळी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. जागा अप्पांची. अप्पा म्हणजे मोठे आडत व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजून. वसतिगृहाच्या जागी आधी त्यांची जिनिंग होती. किल्लारीच्या भूकंपात तिचं शेड बसलं, तीन भिंती फाटल्या, पण दाराजवळची एक भिंत जागची हलली नाही. कारण त्या भिंतीत जिनोबा होता.

जिनोबा म्हणजे जिनिंगचा देव. अप्पांच्या वडिलांनी ती जागा विकत घेतली तेव्हापासून हमाल दर दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही शेंदूर लावत आले होते. शेंदराचा थर वीतभर झालेला. वर गोल डोकं, बाजूला आखूड हात, आणि डोक्यामागून छताकडे गेलेली एक वाकडी नळी. तिला सगळे नाग म्हणत. अप्पांनी तीच भिंत राखून तिच्याभोवती तीन मजले बांधले. परीक्षेच्या सकाळी मुलींची तिथे अशी रांग लागायची की विचारू नका. अभ्यास न करता नारळ फोडणाऱ्या मुलींवर मी खेकसायचे, तरी जिनोबाची मलाही जरा भीतीच होती.

मामू आमच्या पंपाची मोटार दुरुस्त करायला पहिल्यांदा आले, सवयीप्रमाणे भिंतींवरून नजर फिरवली आणि जिनोबापाशी थबकले. मी दोनदा हाक मारली तरी हलेनात. शेवटी म्हणाले, "बाई, ही नळी वायरीची हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे अब्बा नांदेडच्या एका गिरणीत फिटर होते. निजामाच्या काळात या भागात काही डबे असे बसले होते की ज्यांच्यावर उर्दू अक्षरं ओतलेली होती आणि घंटा डब्याच्या माथ्यावरच होती. अब्बांनी असे डबे स्वतःच्या हाताने बसवले होते. मामूंनी उभ्या आयुष्यात तसला एकही पाहिला नव्हता; भंगारवाले म्हणायचे, सगळे वितळले. "चौदा जमवले, बाई. पण ज्याच्यापायी सुरुवात केली त्योच न्हवता," ते म्हणाले.

मामूंनी अप्पांकडे गोष्ट काढली मात्र, ते कडाडले. "मामू, अवघी जिनिंग पडली आन् ही भिंत ऱ्हायली! जागृत देव हाय आमचा. त्याला लोखंडाचा डबा म्हणता?"

मामू परत गेले. पण पंधरा दिवसांनी आले, पुन्हा पंधरा दिवसांनी आले. मोटार धडधाकट असतानाही यायचे, जिनोबासमोर स्टूल टाकून बसायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढा हट्ट कशासाठी? चौदा आहेत ना घरी? एकदा मी तसं बोललेही. ते म्हणाले, "माझ्या घराचं सोडा. वर नव्वद पोरी झोपतात, जिना एक. मी ह्याला बघून राहिलो आन् त्यान्ला बघून राहिलो."

त्याच दिवशी अप्पा आले होते. मामूंनी त्यांना बसायला आपलं स्टूल दिलं आणि विचारलं, "अप्पा, भूकंपानं आधी सांगितलं होतं का, मी येतो म्हणून?"

"न्हाई. झोपेतच गाठलं की त्यानं," अप्पा म्हणाले. किल्लारीकडे दिलेली त्यांची बहीण त्या रात्री दगावली होती. त्यांच्या तोंडावर हा विषय कोणी काढत नसे.

"जमीन सांगून हलत न्हाई. पण आग बिचारी सांगून येते, अप्पा. आधी वास, मग धूर, मग जाळ. इतकं सांगूनबी माणसं मेली, तर तो आगीचा गुन्हा न्हाई. देव तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मला फक्त त्याला आवाज देऊ द्या."

अप्पांनी उठून जिनोबाला नमस्कार केला. मग त्यांनी अट घातली: सोमवारी करायचं, आणि शेंदराचा कणही खरवडायचा नाही.

मामूंनी अट तंतोतंत पाळली. नळीतून नवी वायर ओढली, प्रत्येक मजल्यावर एक घंटा बसवली, लोडशेडिंगसाठी खाली ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली. हाताच्या सांध्यात तीन दिवस थेंब थेंब तेल सोडलं. सोमवारी अप्पा सोवळ्यात आले, नारळ फुटला. मुली जिन्यात दाटीवाटीने उभ्या. मामूंनी डोक्याला रुमाल बांधला, "बिस्मिल्ला" म्हणाले आणि जिनोबाचा हात खाली ओढला.

अशी घंटा मी जन्मात ऐकली नव्हती. मुलींनी कान झाकले, गल्लीतले दुकानदार बाहेर आले, आणि त्या हादऱ्याने जिनोबाच्या कपाळापासून पायापर्यंत एक भेग गेली. शेंदराचा अख्खा थर सुटून धपकन खाली आला. आत लाल रंगाचं लोखंड, माथ्यावर पितळी घंटा, आणि छातीवर उठावदार उर्दू अक्षरं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता अप्पा कोणाचा जीव घेतात कोण जाणे.

अप्पांनी दोन्ही हात जोडले होते. "कवच सोडलं!" ते ओरडले. "देवानं कवच सोडलं!" आपल्याकडे शेंदराचं कवच देवाने आपणहून सोडणं हा केवढा शुभ योग! कोणी खरवडलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता. अप्पांनी ते कवच परातीत घेतलं, त्यावर फुलं वाहिली आणि मामूंना विचारलं, "काय लिवलंय?"

मामूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खतरे में खींचो," त्यांनी वाचलं. "माझ्या बापानं बसवलेल्यातलाच हाय, अप्पा."

अप्पांनी परात छातीशी धरली. मग माझा कानांवर विश्वास बसेना असं काही बोलले. "तुमच्या बापाचा असंल तर घेऊन जावा. कवच तेवढं मला पुरे."

आयुष्यभर ज्याच्यासाठी एसटीचे धक्के खाल्ले ते समोर होतं, पान्हा खिशात होता. मामूंनी डब्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "न्हाई अप्पा. तो आता ड्यूटीवर हाय. ड्यूटीवरच्याला घरी न्हेत नसतात."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मेसच्या स्वयंपाकघरात गॅसच्या पाइपने पेट घेतला. रेणापूरची एक लाजरी मुलगी तिथून पाणी भरून चालली होती. तिने दांडी ओढली आणि नव्वद मुली अंगणात आल्या, काही ओल्या केसांनी, एक तर तोंडात टूथब्रश घेऊन. स्वयंपाकघर काळं पडलं, आम्ही सगळ्या धड. नंतर कळलं की त्या मुलीने दांडी ओढायच्या आधी नमस्कार केला होता. मी तिला धरून झापलं, "नमस्काराला वेळ होता गं?" ती म्हणाली, "मॅडम, देवाचा हात वढायचा म्हंजे विचारून नको का?"

ही बातमी लातूरभर झाली. मग मामूंनी आपले चौदाही डबे एकेक करून वसतिगृहांना, अभ्यासिकांना देऊन टाकले. मी त्यांना शेवटचं भेटायला नांदेडला गेले तेव्हा ते खाटेवर होते, दम लागत होता, आणि बैठकीची भिंत पार मोकळी होती. नुसते खिळे. ते खिळे त्यांनी मला असे दाखवले की जणू एकेकावर पदक टांगलं आहे. "एकबी घरात बसून न्हाई, बाई. सगळे कामाला लागले." मग विचारलं, "आपला कसा हाय?"

"तुम्ही सांगितलं तसं पंधरा दिवसांतून एकदा वाजवते. मुली मला मनातल्या मनात शिव्या देतात."

"देऊ द्या," मामू हसले. "शिव्या द्यायला माणूस जित्ता लागतो."

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहातच होते. चार वाजले होते, तिन्ही मजल्यांवर क्लासच्या आधीची गडबड. मला रडू आवरेना. मी खाली गेले आणि दांडी ओढली. मुली धडाधड उतरल्या, अंगणात रांगा लावल्या, मी मोजल्या. नव्वद. त्यातली एक चिडून म्हणाली, "मॅडम, परवाच तर वाजवली होती! कुठाय आग?"

"कुठेच नाही," मी म्हणाले, आणि त्या पुटपुटत, पाय आपटत सगळ्याच्या सगळ्या वर गेल्या.