दयारामभाऊंच्या पायांचा पंचनामा

दयारामभाऊंनी स्वतःच्याच पायांचे ठसे घेतले होते, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला. पण कागदावर पंच म्हणून माझी सही आहे.

धानोऱ्याच्या जंगलात भाऊ तीस-बत्तीस वर्षं वनरक्षक होते आणि मी त्याच खात्याची जीप हाकत होतो. वाघानं गाय मारली की भाऊ असा पंचनामा लिहीत, की तो वाचून वाघानं सही करून द्यावी. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. मांजर दूध प्यायली तरी दोन पंच बोलवायचे. "तोंडाचं बोलणं हवेत जाते रे," म्हणायचे, "कागद बसून राह्यते."

ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरांनी बीपीची नवी गोळी दिली आणि भाऊंचे पाय सुजू लागले. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. पुढच्या तपासणीसाठी भाऊंनी सात पानं लिहिली. वाघाचा पंजा उतरवतात तसा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं उतरवला होता. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. संध्याकाळचा बघून हत्तीनं नातं सांगितलं असतं. खाली नोंद: 'सकाळी सात वाजता पांढरी गोळी सेवन केली. साडेआठ वाजता विहिरीजवळ भोवळ आली. बादली पूर्वेस कलंडलेली आढळली.' शेवटी, 'तरी सदर गोळी बदलून मिळावी ही विनंती.'

"कोन वाचते एवढं?" त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी निघताना विचारलं. "तोंडानं सांगा ना, चक्कर येते म्हणून."

"तुले सरकारी काम नाई समजत," भाऊ म्हणाले.

दवाखान्यात मी भाऊंच्या सोबत गेलो. बाहेर अर्धा जिल्हा बसलेला; आमच्या वाट्याला दीड मिनिट आलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला. "बीपी छान आहे. काही त्रास?"

भाऊ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कागद पुढं केले. "सविस्तर लिहून आणलं साहेब."

"वा. फाइलला लावून ठेवा. गोळी तीच चालू ठेवा."

पुढचा पेशंट आत आलाच होता. मी शेजारच्या स्टुलावर होतो.

बाहेर आले तेव्हा भाऊंचा चेहरा बढती मिळाल्यासारखा. "काम झालं. फायलीले लागलं."

"भाऊ, त्यानं वाचलं कुठी?"

"फुरसतीनं वाचते तो. मंग उत्तर येते."

"अन् तवरक गोळी?"

"आदेश येत नाई तवरक घ्यावंच लागते."

ते रोज पोस्टमनची वाट पाहत आणि रोज सातला गोळी घेत. मी इकडे टपरीवर रोज ही गोष्ट सांगत होतो. सात पानांची सतरा झाली, पाय टेबलावर मावेना, ठसा पाहून डॉक्टर खुर्चीखाली लपला. लोक हसून हसून चहा सांडायचे.

अडीच महिन्यांनी भाऊ तलावाच्या पाळीवर बसले होते. उठायला गेले आणि दगडांवर पडले. पोलिसांचा पंचनामा अर्ध्या पानाचा झाला. 'मयत चक्कर येऊन पडला असावा.' भाऊंनी तो फाडून पुन्हा लिहायला लावला असता.

तेराव्या दिवशी सुमनबाईंनी मला विचारलं. रडत नव्हत्या. "तुम्ही आत संगं होते ना? मंग काऊन नाई बोल्ले?"

या तालुक्यात माझ्याइतकं बोलणारा दुसरा माणूस नाही. डॉक्टर घाईत होते, असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दीड मिनिटात, ही गोष्ट टपरीवर कशी रंगवायची, ते मी जुळवत बसलो होतो.