माफीकाकांचं वचन

माफीकाकांना माफ करायची भारी हौस होती. ऑटोवाल्यानं सरोजिनी नगरला यायला नकार दिला, की निघून जाणाऱ्या ऑटोकडे बघत ते हात उंचावायचे, "जाओ भाई, माफ किया!" वरच्या मजल्यावरच्यांनी कुंड्यांना पाणी घालताना यांची वाळत घातलेली चादर भिजवली, माफ. प्रमोशन अडवणारे साहेब तर दर नाताळला नव्यानं माफ व्हायचे. माफी कुणी मागितलेली नसायची. पुष्कळांना आपलं काही चुकलंय याचाही पत्ता नसायचा.

ते माझे सख्खे काका. नोकरी लागल्यावर मी फरीदाबादहून त्यांच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले. जेवताना ते हमखास म्हणायचे, "तुझ्या बाबाला मी कधीच माफ केलंय हं." बाबांचा गुन्हा काय, तर आजीच्या दफनाच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर मोठ्या भावाचा हात हातात न घेता ते निघून गेले होते. खरी गोष्ट वेगळी होती. आजी काकांकडे असताना वारली. काकांनी आधी पाळक, शवपेटी, कबरीची जागा, सगळं ठरवलं आणि मग फरीदाबादला फोन केला. बाबा पोहोचले तेव्हा कबरीवर माती पडून झाली होती. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी काकूंच्या गरम पोळ्या खात मी गप्प बसायचे, याची आजही लाज वाटते.

चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना असे. एका रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे सगळे प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा घेतात त्याआधी, बायबलमधल्या वचनाचा अर्थ सांगायची पाळी काकांची होती. वचन असं, की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग ये. आदल्या संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर तालीम केली.

"म्हणजे काय, तर मनात राग घेऊन प्रभूच्या मेजाशी यायचं नाही. माफ करा आणि या. सिंपल."

बायबल माझ्या हातात होतं. "काका, इथे तुमच्या रागाचं काहीच नाहीये. भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर जा, असं आहे."

"अगं, तेच ते."

"तेच नाही. आजीच्या वेळी तुम्ही बाबांना उशिरा कळवलंत."

काकूंचं लाटणं थांबलं. काकांचे कान लाल झाले. ते न जेवताच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वचन वाचलं, "याचा अर्थ मी आजवर चुकीचा सांगत आलो," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. भाकरीचं ताट आलं, तेव्हा त्यांनी तुकडा न घेता ते तसंच पुढे दिलं. सगळ्या माना वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच आम्ही मेट्रोनं फरीदाबादला गेलो. दार बाबांनी उघडलं. काका सवयीनं म्हणाले, "विलास, मी तुला..." आणि अडकले. जन्मभर माफ करत आलेल्या माणसाला माफी मागता येईना. शेवटी कसंबसं म्हणाले, "आईचं तोंड बघू दिलं नाही मी तुला. चुकलं माझं."

बाबांनी पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाले, "दादा, आज नाही जमायचं मला."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मी येत जाईन."

आणि ते जात राहिले. उपासनेत ताट पुढे द्यायचे आणि दुपारी फरीदाबाद गाठायचे. कुणी विचारलंच तर लपवायचे नाहीत. "भावाच्या मनात माझ्याविरुद्ध आहे, आणि ते खरं आहे." ऑटोवाल्यांना माफ करणंही बंद झालं. बाबा विरघळत होते, मला दिसत होतं. काका यायचे त्या दिवशी ते स्वतः बाजारात जाऊन मासे आणायचे. पण तो एक शब्द काही तोंडातून निघत नव्हता. मी टोकलं की म्हणायचे, "सांगेन गं, घाई काय आहे?"

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातच काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

आता बाबा दर महिन्याला आमच्या उपासनेला येतात, माझ्या शेजारी बसतात. ताट आलं की न बघता पुढे देतात. परवा मी हळूच म्हटलं, "बाबा, घ्या ना."

"आधी दादाकडे जायचं होतं," ते म्हणाले. "आता कुठे जाऊ?"