मेलेल्या टिलीसाठी केक

न्यू जर्सीतल्या युनियन हिलला टिली ब्रेनेके भरतकामाच्या गिरणीत तुटलेले धागे जोडायची. एकोणीसशे अकराच्या ऑगस्टमध्ये दाढदुखीचं निमित्त सांगून तिनं दांडी मारली आणि फोर्ट लीचा स्टुडिओ गाठला. तिथं एका रडक्या चित्रपटात बर्फात गारठून मरणारी आई हवी होती. मुलीचं काम करणारी नटी टिलीपेक्षा चार वर्षांनी मोठी होती, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

बर्फ म्हणजे उशा फाडून काढलेली पिसं. ऊन रणरणत होतं. टिली धडपडत आली, कॅमेऱ्याकडे एकदा केविलवाणं बघून कोसळली. मुलगी तिच्या छातीवर पडून हमसू लागली, आणि प्रेताला शिंक आली.

"अगं बाई, मेलेलं माणूस शिंकत नाही!" दिग्दर्शक पर्सेल ओरडले.

"मेलेल्याच्या नाकात पिसंही कुणी घालत नाही, साहेब."

पाचव्या शिंकेनंतर त्यांनी तिला पालथं झोपवलं. मग नटी तिच्या पाठीवर पडून रडली.

चित्रपट गावात लागला तेव्हा त्यात टिलीचं नाव कुठंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झिम्मरलीकाकू दुखवट्याचा काळा पोशाख घालून, मयताच्या घरी नेतात तसा केक घेऊन हजर. टिली समोरच बसून बटाटे सोलत होती.

"तू आहेस होय? काल तर मी तुला मेलेली बघितली!"

"काकू, ते खोटं होतं."

"आणि मी रडले, ते?"

"ते खरंच असणार."

काकू फुरंगटून केक परत न्यायला निघाल्या, तेवढ्यात टिलीच्या आईनं त्यांच्या हातून ताट घेतलं. "राहू दे. पोरगी गेली असती तर तुम्ही आणलाच असता ना?"

गिरणीचा मुकादम श्टाउफर यानंही चित्रपट पाहिला होता.

"वर्षात एकच दिवस दांडी मारलीस. दाढ दुखत होती म्हणालीस ना?"

"हो."

"पडद्यावर तर थंडीनं मेलीस! खोटारडी कुठली!"

दाढदुखीनं मेली असती तर नोकरी टिकली असती, असं टिलीला वाटून गेलं. गिरणीतलं काम सुटलं ते सुटलंच. ती पुन्हा पर्सेलसाहेबांपुढे उभी राहिली.

"काय काय येतं तुला?"

"मरता येतं. पालथं."

त्या हिवाळ्यात ती अकरा वेळा मेली: बुडून, विष पिऊन, एकदा बैलाखाली. बाराव्या वेळी नायिका भांडून निघून गेली आणि तिचा झगा दुसऱ्या कुणाला बसेना. टिलीला तो बसला. तेव्हा कुठं तिला उताणं व्हायला मिळालं.

सहा वर्षांनी तिचं नाव चित्रपटाच्या नावाच्याही वर झळकू लागलं. झिम्मरलीकाकू मात्र तिचे चित्रपट बघायला जाईनाशा झाल्या.

"आताशा ही शेवटपर्यंत जिवंतच असते," त्या म्हणायच्या. "रडायचं तरी कशाला?"